अर्धी चिमूट मीठ

अचलपूर आजवर कोणी कोणी जिंकलं याची यादी बरीच लांब आहे आणि इतिहासाचा मास्तर या नात्याने ती मी दरवर्षी वर्गात लिहून देतो. पण सध्या ते शहर माझ्या साडूंच्या ताब्यात आहे, ही नोंद मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. त्यांनी ते लढाई न करता, नुसतं खाऊन जिंकलं. त्यांच्या राज्याची हद्द परतवाड्याच्या बसस्टँडपासून सुरू होते. अमरावतीहून आलेली बस तिथे थांबली की साडू खिडकीखाली उभे असतात, आणि तुम्ही पायरीवरून खाली उतरायच्या आत पहिला प्रश्न येतो, "सकाळी काय खाल्लं?" याचं उत्तर "काही नाही" असंच द्यावं लागतं. मी एकदा प्रामाणिकपणे "दोन पोळ्या" म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परीक्षेला येताना कोऱ्या कागदाऐवजी लिहिलेलाच पेपर घेऊन आलो होतो. "मंग आले कायले?" एवढंच ते म्हणाले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. मी कॉलेजात शिकवतो हे मी त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. ते स्वतः वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ज्या दुकानाचा तराजू तपासला त्या दुकानात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी नोकरीभर पाळला. त्यामुळे ज्या गावात बदली व्हायची तिथे त्यांचा उपास आणि शेजारच्या तालुक्यात पारणं असायचं. अकोल्याला होते तेव्हा ते अकोटला जाऊन खात. अकोटला बदली झाली तेव्हा अकोल्याला. अशा रीतीने खात्याने त्यांना वऱ्हाडभर फिरवलं आणि त्यांनी वऱ्हाड शेजारून शेजारून खाऊन काढलं. मूळगाव अचलपुरात मात्र त्यांची बदली कधीच झाली नाही. निवृत्त होऊन घरी परतले तेव्हा सगळं शहर त्यांच्यासमोर न तपासलेलं, म्हणजेच खाण्याजोगं, पसरलेलं होतं.

नोकरी सुटली तरी हात सुटला नाही. कुठलाही पदार्थ ते आधी तळव्यावर घेतात, हात जरासा वरखाली करतात आणि वजन सांगतात. अकोल्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीतला लाडू असा तोलून पाहिला आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "हा तुमचा लाडू त्या बाजूच्या पंगतीतल्यापेक्षा हलका हाये." त्या बाजूच्या पंगतीत वरपक्ष बसला होता. पुढचा अर्धा तास दोन्ही बाजूंचे काका लाडू हातात घेऊन एकमेकांशी बोलत होते आणि साडू शांतपणे मठ्ठा पीत होते. मठ्ठ्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

खाण्याच्या जागा सांगताना साडू दुकानाचं नाव कधीच सांगत नाहीत, कारण नाव असलेल्या दुकानावर त्यांचा विश्वास नाही. पाटी रंगवायला वेळ मिळतो याचा अर्थ कढईपाशी कोणी नाही, असं त्यांचं मत आहे. त्यामुळे पत्ता असा असतो: "दरवाजातून आत गेले की डाव्या हाताले, बकरी बांधलेली असते तिथून तिसरं." एकदा बकरी नव्हती आणि मी एका शिंप्याच्या दुकानात शिरून कचोरी मागितली. शिंप्याने मुळीच आश्चर्य दाखवलं नाही. "साहेबाचे पावने का?" असं विचारून त्याने मला शेजारी धाडलं. जागेइतकीच वेळ महत्त्वाची. कचोरी नऊच्या आत, कारण त्यानंतर घाणा तळणारा माणूस वेगळा असतो. चहा चार वाजल्यावर, कारण तेव्हा दुसरं दूध येतं. रबडी पाऊस पडत असेल तर नाही. उसाचा रस फक्त त्याच्याकडे, जो आलं-लिंबू न विचारता टाकतो, कारण विचारणाऱ्याला स्वतःलाच खात्री नसते. एकदा अमरावतीला आमच्याकडे आले असताना त्यांनी मला गिला वडा, म्हणजे दह्यातला वडा, खाऊ घालायला म्हणून बाहेर काढलं. पहिल्या ठिकाणी पोचलो तर दही नुकतंच बदललं होतं, म्हणजे अर्धा तास थांबायला हवं. तोवर दुसऱ्या ठिकाणी गेलो, तर तिथली चटणी वाटणारी बाई माहेरी गेलेली. तिसऱ्या ठिकाणी सगळं ठीक होतं, पण साडू म्हणाले, "आता तुमची भूक निघून गेली. भुकेशिवाय गिला वडा खाल्ला तर तो ओला वडा लागते." तीन तास फिरून आम्ही घरी आलो आणि सकाळची भाजी गरम करून जेवलो.

अमरावतीच्या बाहेरच्या रस्त्यावर हल्ली एक मोठं हॉटेल झालं आहे, तिथे अस्सल वऱ्हाडी जेवण मिळतं असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. कॉलेजच्या एका समारंभानंतर मी त्यांना तिथे नेण्याची चूक केली. ठेचा एवढ्याशा खलबत्त्यात आला, भाकरी नक्षीच्या टोपलीत आली आणि ते आणणाऱ्या मुलांनी फेटे बांधले होते. साडूंनी त्यातल्या एकाला जवळ बोलावून अतिशय आपुलकीने विचारलं, "कोनाचं लग्न हाये बाप्पा?" तो म्हणाला, कोणाचंच नाही, रोजचंच आहे. "रोज बांधा लागते?" "हो." साडूंना त्याची खरोखरच दया आली. त्यांनी ठेच्याबद्दल एक शब्दही काढला नाही. जिथे माणसाच्या डोक्याचे हे हाल, तिथे मिरचीचं काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं.

ऐतिहासिक वास्तूंबद्दल साडूंचं धोरण सरळ आहे. त्या सावलीसाठी बांधल्या गेल्या. आमच्या कॉलेजात एक मोठे अभ्यासक व्याख्यानाला आले होते, त्यांना अचलपूर पाहायचं होतं म्हणून मी घेऊन गेलो. साडूंनी त्यांना तासभर फिरवलं. जुन्या दरवाजापाशी पाहुणे थांबले, मान वर करून कमानीकडे पाहू लागले, आणि म्हणाले, "काय भव्य आहे. हा कोणी बांधला असेल?" साडू म्हणाले, "ते मास्तरले विचारा. आपल्या कामाचं एवढंच की याची सावली अकरा वाजेपर्यंत रस्त्याच्या त्या बाजूले पडते, म्हणून त्या महाराजाचं ताक आंबत नाही." पाहुण्यांनी वही काढली होती, ती त्यांनी पुन्हा खिशात ठेवली. पण नंतर त्यांनी त्या महाराजांकडचे चार आलुबोंडे कढीत बुडवून खाल्ले आणि व्याख्यानात दरवाजाचा उल्लेख केला नाही.

आता या आलुबोंडेवाल्या महाराजांबद्दल सांगायला हवं, कारण साडूंच्या राज्यात स्वतः साडूंना प्रवेश नसलेली तेवढी एकच जागा होती.

दरवाजाच्या समोर, रस्त्यापलीकडे, एक बिनपाटीचं दुकान. महाराजांच्या आजोबांनी सुरू केलेलं. आलुबोंडा आणि कढी, बाकी काही नाही. सकाळी सात ते अकरा. साडू निवृत्त होऊन आले त्या वर्षी, बाजाराच्या दिवशी, दहा-बारा गिऱ्हाइकं द्रोण हातात घेऊन उभी असताना, साडूंनी कढीचा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि निरीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "कढीत मीठ अर्धी चिमूट कमी हाये." आवाज त्यांच्या नोकरीतला होता, तराजू जप्त करताना लागतो तो. सगळं दुकान थांबलं. महाराजांनी झारा खाली ठेवला, बाहेर आले, साडूंच्या हातातला द्रोण हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "साहब, तराजू आपका, कढी मेरी. आप कल से मत आना."

साडू दुसऱ्या दिवशी गेले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. माफी मागण्याचा प्रश्न नव्हता, कारण मीठ कमी होतं. महाराजांच्या बाजूनेही प्रश्न नव्हता, कारण आजोबांपासून तेवढंच होतं. असं नऊ वर्षं चाललं. मधे एकदा साडूंनी शेजाऱ्याच्या हाती डबा पाठवून कढी मागवून पाहिली. डबा साडूंच्या लग्नातला होता आणि त्यावर आमच्या सासऱ्यांनी आपलं पूर्ण नाव, मुक्काम पोस्ट दर्यापूर, आणि लग्नाची तिथी कोरून घेतली होती. महाराजांनी चष्मा लावून ते सगळं सावकाश वाचलं, साहेबांचं सासर दर्यापूरचं हे गावात सर्वांना ठाऊक होतं, आणि डबा रिकामा परत पाठवला. दुसऱ्या दिवशी दुकानात खडूने लिहिलेली एक पाटी लागली: इथे पार्सल मिळणार नाही. महाराजांच्या घराण्यातली ती पहिली आणि शेवटची पाटी.

तेव्हापासून साडूंनी एक पद्धत बसवली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते दरवाजापर्यंत आणत, समोर बोट दाखवत आणि स्वतः सावलीत उभे राहत. पाहुण्याने रस्ता ओलांडायचा, खायचं, परत यायचं आणि सांगायचं. सांगताना 'छान' हा शब्द चालत नसे. 'मस्त'ही नाही. "कढी पयले आंबट लागली का पयले तिखट?" "बोंड्याचं वरचं कव्हर दातात वाजलं का नुसतं तुटलं?" "आतमंदी सांबार होता?" सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याकडच्या पाहुण्यांना आधी समजवावं लागे. आणि सगळ्यात शेवटी, दुसरीकडे पाहत, सहज विचारल्यासारखं: "अन् मीठ?" मी या परीक्षेत नऊ वर्षं नापास होत आलो. मला मिठाचं काही कळत नसे. मी "बरोबर होतं" म्हणायचो. साडू मान हलवायचे. "मास्तर, तुमची जीभ नुसती बोलाच्या कामाची." ताईंना, म्हणजे साडूंच्या पत्नीला, यात मोठी गंमत वाटे. चाळीस वर्षांत साडूंनी घरच्या स्वयंपाकाला एक अक्षर नाव ठेवलेलं नाही. मी एकदा त्याचं कौतुक केलं तर ताई म्हणाल्या, "बोलले असते तर त्या महाराजाच्या आंधी मीच बंद केलं असतं. त्याहिले माहीत हाये."

गेल्या थंडीत साडूंचा फोन आला. त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. फोनवर वास येत नाही असं ते म्हणतात. "मास्तर, महाराज दुकान बंद करून राहिला. गुडघे गेले त्याचे. पोरगा पुण्याले घेऊन चालला. या रविवारी शेवटचं." मग म्हणाले, "तुमी या. येताना एक डबा आणा. नाव नसलेला."

हे काम सोपं वाटतं. पण मराठी घरात नाव नसलेला डबा शोधून पाहावा. आम्ही शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातलं प्रत्येक फडताळ उपसलं. एका डब्यावर माझ्या आईचं नाव, एकावर बायकोच्या मामांचं, एकावर आमच्या जुन्या घरमालकांचं, आणि एकावर कोणा अनोळखी बाईंचं, जो आमच्याकडे कसा आला हे अजूनही कळलेलं नाही. बिननावाचा एक प्लास्टिकचा होता, पण प्लास्टिकमध्ये कढी नेली तर साडू ती खाणार नाहीत, उलट माझ्याशीही नऊ वर्षं बोलणार नाहीत. शेवटी बायकोने माळ्यावरून एक पितळी डबा काढला. वर्षानुवर्षं चिंचेने घासून त्याची अक्षरं पार झिजली होती. "यावर काही दिसत नाही," ती म्हणाली. मीही खिडकीशी नेऊन पाहिलं. काही दिसलं नाही.

रविवारी साडेआठला आम्ही दरवाजाच्या सावलीत उभे होतो. समोर गर्दी होती, पण बाजारासारखी नाही. लोक खाऊन झाल्यावरही निघत नव्हते. साडूंनी धुतलेला सदरा घातला होता. डबा त्यांनी तळव्यावर घेतला, तोलला, आणि माझ्या हाती दिला. "पाटीकडे पाहू नका," ते म्हणाले. "म्हणा, बायको आजारी हाये." मी रस्ता ओलांडला.

माझी पाळी आली. मी बायको आजारी असल्याचं सांगितलं. महाराज खूप थकलेले दिसत होते. स्टुलावर बसून ते बोंडे सोडत होते. त्यांनी डबा हातात घेतला, उजेडात तिरपा धरला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि बोटाने बुडाजवळचा भाग चाचपला. मग मोठ्याने वाचलं, "मुक्काम पोस्ट दर्यापूर." आमच्या सासऱ्यांनी दोन्ही मुलींना एकाच कासाराकडचे डबे दिले होते, आणि कासाराने दुसऱ्या डब्यावर पत्ता बुडाशी कोरला होता, जिथे चिंच पोचत नाही. महाराजांनी माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे पाहिलं. मीही वळलो. साडू आमच्याकडे पाठ करून, मान पूर्ण मागे टाकून, दरवाजाच्या कमानीचं बारकाईने निरीक्षण करत होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

महाराजांनी डबा माझ्या हातात परत दिला, रिकामा. "पार्सल नहीं मिलता," ते म्हणाले. पाटीकडे बोट दाखवलं. मग जरा थांबून, "जिसको खाना है वो खुद आके खाए. बुलाव साहब को."

मी बोलवायला गेलो. साडूंनी ऐकलं, पण कमान सोडली नाही. "काय म्हणाला? नेमकं सांगा." मी नेमकं सांगितलं. "साहब म्हणाला?" "साहब म्हणाले." त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली, पुन्हा काढली, आणि रस्ता ओलांडला. तेवढा रस्ता ओलांडायला त्यांना नऊ वर्षं लागली, पण त्या दिवशी मधेच एक म्हशींचा कळप आल्यामुळे आणखी पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांत दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहणं टाळण्याचा जो प्रयत्न केला तो म्हशींनाही कळला असेल.

महाराजांनी द्रोण स्वतः भरला. दोन बोंडे, वर कढी, वर चिमूटभर सांबार. मलाही एक दिला. साडूंनी द्रोण तळव्यावर घेतला, पण या वेळी वजन सांगितलं नाही. बोंडा मोडला, कढीत बुडवला, खाल्ला. मग द्रोण ओठांना लावून कढीचा घोट घेतला आणि डोळे मिटले. दुकानातली जुनी गिऱ्हाइकं बोलायची थांबली. त्यातले दोघे-तिघे नऊ वर्षांपूर्वीही हजर होते, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. महाराजांनी झारा खाली ठेवला.

"नमक?" त्यांनी विचारलं.

साडूंनी डोळे उघडले. एवढा वेळ त्यांना कुठलंही माप सांगायला लागलेला मी पाहिलेला नव्हता. "बरोबर हाये," ते म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

महाराज काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी झारा उचलला आणि साडूंच्या द्रोणात तिसरा बोंडा टाकला. "तो नौ साल कायको फालतू खड़े रहे बाहर," ते म्हणाले, आणि दुकान हसलं. साडूही हसले. त्यांनी आणखी दोन द्रोण खाल्ले. अकरा वाजता सावली सरली तेव्हा महाराजांनी कढईखालचा जाळ ओढून घेतला, आणि पाटीवरची खडूची अक्षरं फडक्याने पुसली.

साडू मला परतवाड्याच्या बसस्टँडवर सोडायला आले. मी बसमध्ये खिडकीशी बसलो. ते नेहमीसारखे खाली उभे राहिले. ड्रायव्हर चढला तेव्हा ते खिडकीच्या गजाला धरून हळूच म्हणाले, "कमी होतं."

"अर्धी चिमूट," मी म्हणालो.

"तुमाले कळलं?"

खरंच कळलं होतं. पहिल्याच घोटाला, नऊ वर्षांत प्रथमच. कशामुळे ते सांगता येणार नाही. कदाचित इतकी वर्षं मी खाताना उत्तराचा विचार करत होतो आणि त्या दिवशी उत्तर द्यायची पाळी माझी नव्हती. "मग त्यांना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

बस हलली. साडू दोन पावलं बरोबर चालले. "आता सुधरवून थो कोनाले खाऊ घालनार हाये?" ते म्हणाले, आणि गज सोडला.

साडूंचं राज्य अजून आहे. कचोरी अजून नऊच्या आत, चहा चारनंतर. बकरी बदलली पण जागा तीच. पाहुणे आले की ते त्यांना अजूनही दरवाजापर्यंत आणतात, इतक्या वर्षांची सवय म्हणून पाय तिथे थांबतात. समोर आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, त्याला दिव्यांची पाटी आहे. पाहुणे साडूंकडे पाहतात, साडू दरवाजाकडे. मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काय खाल्लं वगैरे काही विचारलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "थो दरवाजा कोनं बांधला होता, एकदा नीट सांगून ठेवा. लोकं तिथं उभे राहतात. काहीतरी सांगा लागते."

मी सांगितलं. ते लिहून घेत असावेत, कारण मधून मधून "थांबा" म्हणत होते.